यादीची राखण

सकाळी ६:५० – खमरिया, जबलपूर. ऑर्डनन्स फॅक्टरीकडे स्कूटर निघाल्या आहेत. बाबा याच फॅक्टरीतून निवृत्त झाले. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडियाकडे आहे, मुख्यालय पुण्यात. मुलगी वेब डेव्हलपर. टेबलावर जुना लॅपटॉप आणि चहा.

७:१५ – ती यादी उघडते. वेबसाठी आलेख आणि नकाशे काढायची मुक्तस्रोत साधनं, पारखून, प्रकारवार लावलेली. डी-थ्री, चार्ट जेएस, लीफलेट, अपाचे ईचार्ट्स. मुंबईच्या फ्रॅपेचं फ्रॅपे चार्ट्सही. रात्री चाललेल्या स्क्रिप्टनं मेलेल्या लिंका लाल करून ठेवल्यात. प्रत्येक लिंक हातानं उघडायची. पत्ता बदललाय, की प्रकल्पच बंद पडलाय? बंद पडलेलं प्रोटोव्हिस मात्र ती पुसत नाही. ‘काम थांबलं, डी-थ्री पाहा’ एवढी नोंद ठेवते. प्रोटोव्हिसवाल्यांनीच २०११ मध्ये डी-थ्री आणलं, हे नव्या मुलांना कळायला हवं.

९:०० – पोहे-जलेबी. बाबा विचारतात, “याचे किती मिळतात गं?”
“यादीचे काहीच नाही, बाबा.”
पैसे क्लायंटच्या कामाचे. ब्रॉडबँडला महिन्याला सातशेच्या आसपास जातात, डोमेनला वर्षाला हजारभर. होस्टिंग गिटहबवर फुकट.

१०:०० ते १:३० – क्लायंटचं काम. घर त्यावर चालतं.

२:१० – कुणीतरी नवं साधन सुचवलंय. ती आधी लायसन्सची फाइल उघडते. चार्ट जेएस एमआयटी, डी-थ्री आयएससी, ईचार्ट्स अपाचे २.०. तिन्ही धंद्याच्या कामाला मोकळी. हायचार्ट्स चांगलं आहे, पण व्यावसायिक वापराला पैसे मोजावे लागतात, म्हणून यादीत नाही. ही फाइल न वाचणाऱ्याला पुढे भुर्दंड बसतो.

मग चाचणी. अक्षावर जिल्ह्यांची नावं: जबलपूर, नरसिंहपूर, सिवनी, मंडला. ती झूम करते. ‘पू’चा ऊकार खालून कापलाय. समास वाढवून पुन्हा पाहते. मग आकडे. दीड लाख डी-थ्री मुळात १५०,००० असं लिहितं. लोकेलमध्ये ३, २, २ असे गट दिले, की १,५०,००० होतं. ही ओळ ती नोंदीखाली लिहून ठेवते. माझ्या मते यादीची किंमत अशा ओळींत आहे. नावं कुणीही गोळा करील.

४:०० – स्वस्तातला जुना फोन, नेट मुद्दाम मंद केलेलं. लीफलेट जेमतेम ४२ केबीचं, लगेच उघडतं. नवं साधन पांढऱ्या पडद्यावर अडकतं. नकार द्यायचा, पण कारणासकट. दूर कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसानं रात्री जागून ते लिहिलंय. चार ओळींना वीस मिनिटं जातात.

६:०० – लाइट गेली. इन्व्हर्टर. मनगटाला बाम.

९:३० – दिवसाचा शेवटचा कमिट. आज यादी वाढली नाही, पाच नोंदी गळल्या.

अशी यादी तुमच्याही कामात असेल. मेलेली लिंक दिसली, तर पुढे जाऊ नका. दोन ओळी लिहून कळवा.