यंदाचे गणपती तिश्री महिन्यात

इस्रायलमध्ये ऑगस्ट सरत आला की कुठल्याही कामाला एकच उत्तर मिळतं, ‘अखरेइ हाखागिम’. म्हणजे ‘सणांनंतर’. नळ दुरुस्त करणारा, बँकेतला क्लार्क, आमचा मॅनेजर, सगळे हेच म्हणतात. नववर्षाचा रोश हाशाना, उपवासाचा योम किप्पुर आणि मांडव घालून साजरा होणारा सुक्कोत हे सण तिश्री महिन्यात ओळीने येतात. तीनेक आठवडे देश अर्धा सुट्टीवर असतो.

माझ्यासारख्या रत्नागिरीच्या माणसाला प्रश्न पडतो तो वेगळाच: ही सुट्टी गणपतीत येणार का? म्हणून मी दरवर्षी कालनिर्णय आणि हिब्रू कॅलेंडर शेजारीशेजारी ठेवून बघतो.

दोन्हींचा चंद्र एकच. हिब्रू महिनाही अमावास्येनंतर सुरू होतो आणि मध्यावर पौर्णिमा येते. फक्त इथे दिवस सूर्यास्ताला बदलतो. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला आपली घटस्थापना झाली आणि त्याच संध्याकाळी रोश हाशाना लागला. २ ऑक्टोबरला दसरा, त्याच दिवशी योम किप्पुर. घरचे सोनं वाटत होते तेव्हा तेल अवीवच्या रिकाम्या हायवेवर मुलं सायकली पळवत होती. ६ तारखेला कोजागरी, त्या संध्याकाळी सुक्कोत.

यंदा मात्र रोश हाशाना १२ सप्टेंबरला आणि गणेश चतुर्थी १४ ला. आश्विनाची जोडी सोडून तिश्री थेट भाद्रपदात!

ही करामत अधिक महिन्याची. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षाला अकराएक दिवस कमी. दोन्हीकडे दोन-तीन वर्षांनी एक महिना वाढवून ही तूट भरतात; फरक आहे तो कुठे वाढवायचा याचा. आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत होत नाही तो अधिक. म्हणून २०२३ ला अधिक श्रावण, यंदा अधिक ज्येष्ठ. ज्यूंकडे जागा ठरलेली आहे, अदार. कारण पेसाख हा सण वसंतातच आला पाहिजे अशी तोराची आज्ञा आहे आणि अदार हा त्याच्या आधीचा महिना. एकोणीस वर्षांच्या चक्रात तिसरं, सहावं, आठवं, अकरावं, चौदावं, सतरावं आणि एकोणिसावं वर्ष तेरा महिन्यांचं. कोड लिहिणाऱ्याला याहून सोपं काय हवं? येतं हिब्रू वर्ष ५७८७. एकोणीसने भागा, बाकी अकरा. म्हणजे अदार दोन.

आपण मे-जूनमध्येच अधिक महिना घेतला, त्यांचा येणार फेब्रुवारी २०२७ मध्ये. तोवर आपण त्यांच्या एक महिना मागे. मग पुन्हा गाठ पडेल: २२ मार्चला होळी, २३ ला पुरिम.

पुरिमवरून आठवलं. अश्दोदला राहणाऱ्या एक बेने इस्रायली मावशी अजून पुरिमला ‘होळीचा सण’ म्हणतात. त्यांचे पूर्वज कोकणातले, तिथलंच हे नाव. २०२१ मध्ये पुरिम २६ फेब्रुवारीला आला आणि होळी २८ मार्चला. तेव्हाचं त्या अजून सांगतात, “अरे, आमची होळी होऊन महिना झाला, मग भारतातल्या बहिणीचा होळीचा फोन! म्हटलं, चंद्र काय दोन आहेत?” त्या वेळीही गोष्ट हीच होती. आपला अधिक आश्विन २०२० मध्ये होऊन गेला होता, त्यांचा जादा अदार यायचा होता २०२२ ला.

हिब्रू कॅलेंडरची आणखी एक खोड आहे. रोश हाशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊच देत नाहीत. बुधवारी आला तर योम किप्पुर शुक्रवारी पडेल आणि लगेच शनिवारचा शब्बात. लागोपाठ दोन दिवस चूल बंद. ते टाळायला नववर्षच एखाद-दोन दिवस पुढे सरकवतात आणि खेश्वान, किस्लेव या महिन्यांत एखादा दिवस कमी-जास्त करून हिशेब जुळवतात. आमच्या ऑफिसात असला बदल कुणी सुचवला असता तर दोन मीटिंगा झाल्या असत्या.

तर, तिकीट काढलंय. ११ सप्टेंबर शुक्रवार, संध्याकाळी शब्बात आणि रोश हाशाना एकदमच लागतात. त्याआधी ट्रेन बंद होतात, तेव्हा सकाळीच विमानतळ गाठायचा. इथला आठवडा रविवार ते गुरुवार, त्यामुळे रजा फक्त चार दिवसांची. योम किप्पुरसाठी २० तारखेला दुपारी बेन गुरियन विमानतळ बंद होतो, त्याच्या आत परतायला हवं. आईला हे फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बंद होतो ना? मग बावीसचंच काढायचं होतंस.”