टेकइन्फो
टेकइन्फो : संगणकाच्या आज्ञावलींविषयीच्या माहितीपुस्तिका लिहिण्याची व त्यांची अक्षरजुळणी करण्याची एक पद्धत. ग्नू प्रकल्पासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८० नंतरच्या दशकात ती निर्माण केली. छापील पुस्तिका व पडद्यावरील मजकूर स्वतंत्रपणे लिहिल्यास एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात राहून जाते. हा दोष टाळण्यासाठी या पद्धतीत दोन्ही रूपे एकाच मूळ फाइलीपासून तयार करतात.

मूळ फाइल साध्या मजकुराची असते. तीत टंकाचा आकार, समास इत्यादींची मापे सहसा नसतात. प्रकरण, उदाहरण, यादी असे मजकुराचे घटक मात्र आज्ञांनी दर्शवितात. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी @ हे चिन्ह येते. हे चिन्ह किंवा महिरपी कंस मजकुरातच हवे असल्यास त्यांच्या अगोदर आणखी एक @ लिहावे लागते.

फाइलीच्या पहिल्या ओळीने टेक या अक्षरजुळणी कार्यक्रमाला आवश्यक व्याख्या पुरविल्या जातात. त्यानंतर पुस्तिकेचे नाव येते. स्वामित्वहक्काचा मजकूर एकदाच लिहून ठेवतात व पुढे तो जेथे हवा तेथे आज्ञेने आणतात. मुखपृष्ठ केवळ छापील प्रतीत, तर ‘टॉप’ हा प्रारंभीचा विभाग केवळ पडद्यावरील रूपात दिसतो. पुढील प्रकरणांच्या आरंभी सामान्यतः दोन ओळी असतात : ‘नोड’ या आज्ञेची ओळ पडद्यावरील वाचकाला त्या विभागाकडे नेते, तर दुसरी ओळ शीर्षक देते. एकच नाव दोन नोडांना देता येत नाही. नाव बदलल्यास त्याचे सर्व संदर्भही बदलावे लागतात. ‘बाय’ या आज्ञेने फाइल संपते व तिच्यानंतरचा मजकूर विचारात घेतला जात नाही.

छपाईसाठी फाइल टेक कार्यक्रमातून एकाहून अधिक वेळा न्यावी लागते. पहिल्या फेरीत पृष्ठांक व सूचीतील नोंदी साहाय्यक फाइलींत साठविल्या जातात. ‘टेकइंडेक्स’ हा कार्यक्रम नोंदी वर्णानुक्रमे लावतो. पुढील फेरीत अनुक्रमणिका, परस्परसंदर्भ व सूची योग्य पृष्ठांकांसह छापल्या जातात. पडद्यावरील रूपे ‘मेकइन्फो’ हा कार्यक्रम तयार करतो. २०१३ मध्ये त्याची पर्ल भाषेत नव्याने रचना झाली. इन्फो, एचटीएमएल व साधा मजकूर ही त्याची प्रमुख रूपे होत. आशय आणि मांडणी मूळ फाइलीतच वेगळी ठेवलेली असल्यामुळे यांपैकी कोणत्याही रूपासाठी मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही.