मुळशीचें धरण व मोडी दप्तरांची साक्ष

विद्यार्थ्यांस मोठ्या धरणांचा इतिहास शिकवितांना भिंतीची उंची, जलाशयाचा विस्तार व विजेचें उत्पादन एवढेंच सांगण्याचा प्रघात आहे. हे आंकडे खरे असले, तरी त्यांवरून इतिहासाची एकच बाजू कळते. दुसरी बाजू जुन्या कागदांत असते. ती कशी वाचावी, हें मुळशीच्या उदाहरणावरून चांगलें दाखवितां येतें.

पुण्याच्या पश्चिमेस मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ पाणी अडवावें, तें कोंकणांत भिरा येथें उतरवावें व त्या उताराच्या बळावर वीज उत्पन्न करून मुंबईस पुरवावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. जमीन सरकारनें भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यानें घेऊन दिली. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी; बापटांस 'सेनापति' हें नांव याच लढ्यानें मिळालें. १९२४ अखेर लढा मावळला व १९२७ सालीं भिऱ्याची वीज सुरू झाली.

आतां प्रश्न असा कीं, मोबदला कोणास मिळाला? कायद्याप्रमाणें ज्याचा हक्क दप्तरीं नोंदलेला, त्यास. परंतु मुळशी पेट्यांतील बरीच जमीन कर्जापायीं पुण्याच्या सावकारांकडे गेली होती, आणि त्यांपैकीं पुष्कळांचा कल जमीन राखण्यापेक्षां वाढीव मोबदला घेण्याकडे होता. पिढ्यान्‌पिढ्या भातखाचरें कसणाऱ्या कुळाचें नांव खातेपत्रकांत शोधूं गेल्यास पुष्कळदां सांपडत नाहीं. म्हणून केवळ मोबदल्याचीं पत्रकें वाचणारा विद्यार्थी 'जमिनीचे पैसे पोंचले' असा निष्कर्ष काढील, व तो अपुरा ठरेल. त्या पत्रकाशेजारीं गहाणखत, कबुलायत, साऱ्याच्या पावत्या व तत्कालीन वृत्तपत्रें ठेविलीं, म्हणजेच मालक कोण, कसणारा कोण व उठला कोण, हे तीन प्रश्न वेगळे आहेत हें त्याच्या ध्यानीं येईल. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठीं महाराष्ट्रांत स्वतंत्र कायदा झाला तो १९७६ सालीं. तो कां करावा लागला, याचें उत्तरही येथेंच आहे.

बुडालेल्या गांवांचीं घरें पाहतां येत नाहींत; त्यांचे रुमाल मात्र विस्थापित कुटुंबांच्या माळ्यांवर अद्याप असूं शकतात. संग्राहक सनदा व फर्मानें आवडीनें जपतात. कुळाची फाटकी पावती मात्र रद्दींत जाते. ती मिळाल्यास गांव, घराणें व मिळाल्याचें ठिकाण टिपून नक्कल करून ठेवावी. कसणाऱ्याचें नांव सांगणारा तेवढाच एक कागद उरलेला असणें संभवतें.