दलालीचे नवे दुकान : कोणता माल, कोणती मांडणी?

(बी. कॉम. भाग २ मधील एक विद्यार्थी)

'दुरून डोंगर साजरे' अशी आपल्याकडे म्हण आहे. घरबसल्या, बिनभांडवली पैसा मिळवून देणाऱ्या धंद्यांना ती तंतोतंत लागू पडते. अशाच एका धंद्याची, म्हणजे अफिलिएट मार्केटिंगची, हिशेबाच्या बाजूने ओळख करून देण्याचा या लेखात अल्पसा प्रयत्न केला आहे.

मार्केट यार्डातील अडत्या आपल्याला परका नाही. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा. अडत्या केवळ सौदा जुळवतो व आपली अडत घेतो. अफिलिएट मार्केटिंग हे याच दलालीचे नवे रूप होय. आपण संकेतस्थळावर एखाद्या वस्तूविषयी लिहावयाचे व खाली विक्रेत्याची लिंक द्यावयाची. वाचकाने त्या लिंकवरून खरेदी केली, तर विक्रेता आपल्याला ठरलेले कमिशन देतो. अमेझॉन कंपनीने १९९६ साली अशी योजना सुरू केली व तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली.

आता पहिला प्रश्न : माल कोणता निवडावा? नवखा माणूस प्रथम महाग वस्तूकडे धावतो. मीही धावलो होतो. परंतु एक साधे गणित पाहा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, महिन्यात शंभर वाचकांनी आपल्या लिंकवर बोट ठेवले. पंधरा हजारांच्या मोबाईलवर एक टक्का कमिशन, म्हणजे नगामागे १५० रुपये. मिक्सर चार हजारांचा व कमिशन चार टक्के, म्हणजे नगामागे १६० रुपये. मोबाईल घेणारा दहा ठिकाणी चौकशी करतो, त्यामुळे शंभरांतून एकच नग खपला असे धरू. मिक्सर घेणाऱ्याची गरज तातडीची असते. तेथे चार नग खपले. मोबाईलचे १५० झाले, मिक्सरचे ६४०. एक मिक्सर परत आला, तर त्याचे कमिशन रद्द होऊन उरले ४८०. संकेतस्थळाचा वार्षिक खर्च तीन हजार धरला, तर महिन्याला २५० वजा. मिक्सरवाल्याला २३० रुपये नफा, मोबाईलवाल्याला १०० रुपये तोटा! तात्पर्य, कमिशनचा दर म्हणजे नफा नव्हे. किती जण विकत घेतात, किती माल परत येतो व खर्च किती, हे तिन्ही पाहिल्यावाचून माल निवडू नये. शिवाय मुदतीची अटही वाचावी. अमेझॉनच्या योजनेत लिंकवरून गेल्यापासून साधारणतः २४ तासांच्या आत वस्तू खरेदीच्या यादीत टाकली गेली, तरच कमिशन मिळते. 'घरी विचारून पुढच्या आठवड्यात घेऊ' म्हणणारे गिऱ्हाईक आपल्या खात्यावर सहसा चढत नाही.

दुसरा प्रश्न मांडणीचा. संकेतस्थळांचे ढोबळ चार प्रकार दिसतात. एकाच वस्तूचे परीक्षण करणारे, अनेक वस्तूंची तुलना करणारे, एखादे काम शिकवता शिकवता त्यासाठी लागणारी साधने सुचवणारे, आणि सवलतीच्या कूपनांची यादी देणारे. कूपनांच्या प्रकारात मोठ्या कंपन्या आधीच ठाण मांडून बसल्या आहेत व यादी रोज बदलावी लागते. विद्यार्थ्याला ते झेपणारे नाही. तुलनेसाठी पाच-सहा वस्तू हाताळलेल्या असाव्या लागतात. आपल्याला परवडणारा प्रकार तिसरा. शिवणकाम, परसबाग, स्वयंपाक यांपैकी आपल्या घरात जे चालते तेच शिकवावे. आपल्या सीमाभागातील मुलांना तर मराठी व कानडी दोन्ही भाषांतील वाचक मिळू शकतो. हे भांडवल बँकेत मिळत नाही!

आता अनुभवाची गोष्ट. गेल्या वर्षी मी एका मिक्सरची भरभरून स्तुती लिहिली. तो मी पाहिलाही नव्हता. इतरांचे अभिप्राय जुळवून मजकूर तयार केला होता. आमच्या गल्लीतील एका काकूंनी तो वाचून मिक्सर मागवला. दुसऱ्याच आठवड्यात भांड्यातून पाणी गळू लागले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाळा, तू स्वतः वापरून बघितला होतास का रे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मिक्सर परत गेला, कमिशनही गेले; पण काकूंनी त्यानंतर मला कोणत्याही वस्तूविषयी विचारले नाही, हे नुकसान कोणत्या खात्यात मांडावे?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असल्यास तो उघड सांगावा लागतो. तो मजकूर मी काढून टाकला. आता आईच्या हातचा सहा वर्षे चाललेला मिक्सर कसा वापरावा व त्याचे दोष कोणते, हे लिहिले आहे. आणि 'या लिंकवर मला कमिशन मिळते' हे वाक्य अगदी वर घातले आहे. मिळकत थोडी आहे, पण परत येणारा माल जवळजवळ नाही.

मित्रहो, अडत्याच्या गादीवर लोक विश्वासाने येतात. आपली गादी दिसत नाही, एवढाच काय तो फरक. माल निवडताना वहीत दोन प्रश्न लिहून ठेवावेत : हिशेबात नफा उरतो का? आणि हीच वस्तू मी माझ्या आईला घ्यायला सांगेन का? दोन्हींचे उत्तर 'होय' आले, तरच दुकान उघडावे.