भीमथडी: आपल्या खोऱ्याचा घोडा

दिवाळीत इंदापूरच्या मित्राला घेऊन अकलूजचा घोडेबाजार पाहिला. गर्दी मारवाडी घोड्यांपाशी. आत वळून टोकं एकमेकांना टेकणारे कान, ही त्यांची खूण.

मित्राने विचारलं, "आपल्या भागाचा घोडा नाही का रे?"

आहे की! भीमथडी. भीमा-नीरेच्या काठचा. मराठ्यांच्या घोडदळात हीच काटक तट्टं होती. बारामती तर पूर्वी भीमथडी तालुक्यातच होती.

जानेवारी 2024 मध्ये पशुधनाच्या जातींची नोंद करणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता जाहीर केली. देशातली घोड्यांची ही आठवी नोंदणीकृत जात.

आणि तो बाजारापेक्षा धनगरांच्या वाड्यासोबत, म्हणजे फिरत्या तळासोबत, जास्त दिसतो! पाठीवर अंथरूण, भांडी, मेंढ्या कोंडायची जाळी म्हणजे वाघूर, वर नुकतं जन्मलेलं कोकरू. बुटका, पण दिवसभर ओझं वाहतो. तो टिकलाय तो या मेंढपाळांमुळेच, हे श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

घोडा घेणार असाल तर उंची डोक्यापर्यंत मोजू नका. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापर्यंत मोजतात. दातही बघा, पाचव्या वर्षाच्या सुमारास पुढचे सगळे दुधाचे दात बदललेले असतात.

तुमच्या गावात भीमथडी आहे का? फोटो टाका. काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.