रात्री बारानंतर गाडी हलवा

सॅन फ्रान्सिस्कोचं गोल्डन गेट पार्क हजार एकरांहून मोठं आहे. सुमारे तीन मैल लांब आणि अर्धा मैल रुंद अशी ही बाग पश्चिमेला थेट पॅसिफिक महासागराला जाऊन भिडते. शनिवारी-रविवारी तिच्या आसपास गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. रात्री मात्र चित्र पालटतं. 2013 साली शहराने बागा मध्यरात्रीपासून पहाटे 5 पर्यंत बंद ठेवण्याचा नियम केला. फिरायला आलेले लोक घरी जातात, रस्त्याची कड मोकळी पडते. आणि मग प्रश्न येतो, या मोकळ्या जागेवर रात्रभर गाडी कुणी उभी करायची?

त्याचं उत्तर 2025 पर्यंत शहरातल्या अनेक रस्त्यांवर खांबाला ठोकलेल्या पाट्यांवर होतं. मोठ्या वाहनांना रात्री 12 ते सकाळी 6 पार्किंग बंद. मोठं म्हणजे 22 फुटांहून लांब किंवा 7 फुटांहून उंच. हा नियम 2012 सालचा. पाटी असेल तिथेच तो लागू होत असे. पाटी नसलेली पुढची गल्ली मोकळी असे. घरची साधी मोटार पंधरा-सोळा फुटांची असते आणि उंचीलाही पाच-सहा फुटांत बसते, म्हणजे तिला या पाटीचा काहीच त्रास नव्हता. मापं अशी बेतली होती की त्यांत नेमक्या ‘आरव्ही’ सापडाव्यात. आरव्ही म्हणजे आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली गाडी, चाकांवरचं घरच. सुट्टीत भटकंती करायला ती बनवली गेली. या शहरात शेकडो माणसं बारा महिने तिच्यात राहतात.

हौस म्हणून नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत एका बेडरूमच्या घराचं महिन्याचं भाडं 3,000 डॉलरच्या पुढे गेलं आहे. बांधकामावर, हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा साफसफाईच्या कामावर राबणाऱ्याला ते झेपत नाही. जुनी आरव्ही त्यामानाने स्वस्तात मिळते. कुलूप लावता येतं, मुलं शाळेत जाऊ शकतात.

अशी गाडी बागेशेजारी का थांबते, हे कोणत्याही ड्रायव्हरच्या लगेच लक्षात येईल. बागेच्या बाजूला घरं नसतात. त्यामुळे कुणाच्या गॅरेजचं तोंड अडत नाही, सलग लांब जागा मिळते, खिडकीतून डोकावून फोन फिरवणारे शेजारीही अगदी लगत नसतात. झाडांची सावली असते आणि दिवसा बागेतलं स्वच्छतागृह वापरता येतं.

पण समोरच्या बाजूला राहणाऱ्यांची तक्रारही खोटी नाही. आरव्हीतल्या संडासाची टाकी काही दिवसांत भरते. ती रिकामी करायला ठरावीक केंद्रावर न्यावी लागते, आणि शहरात अशी सोय जवळपास नाहीच. इंजिन बिघडलेलं असेल तर तिथवर जाणार कसं? मग मैला रस्त्यावर येतो, जनरेटर रात्रभर घरघरतो, कचरा साठतो. बागेत मुलांना घेऊन येणाऱ्याने हे गुमान सोसावं, असं कुणी म्हणणार नाही.

अशा तक्रारींवर लॉस एंजेलिसने तर थेट गाडीत राहणाऱ्यालाच धरलं. गाडीत राहायला बंदी करणारा तिथला 1983 चा नियम 2014 साली केंद्रीय अपील न्यायालयाने रद्द केला. राहणं म्हणजे नेमकं काय, याचा त्यातून पत्ताच लागत नव्हता. 2017 च्या सुरुवातीला नवा नियम आला. निवासी रस्त्यांवर रात्री 9 ते सकाळी 6 गाडीत राहायला बंदी झाली. आणि बाग, शाळा किंवा पाळणाघराच्या एका ब्लॉकच्या आत दिवसाही आणि रात्रीही. कुठे चालेल आणि कुठे नाही हे दाखवणारे हिरवे, पिवळे, लाल नकाशे छापण्यात आले. झोपायचं कुठे हे ठरवायला नकाशा उघडावा लागावा, याला काय म्हणावं!

सॅन फ्रान्सिस्कोत पाटी लागली की गाडी जाते हे खरं. जाते कुठे? विन्स्टन ड्राइव्ह हा सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीजवळचा रस्ता. तिथे आरव्हीत राहणाऱ्या कुटुंबांची मोठी वस्ती झाली होती, त्यांत लॅटिन अमेरिकेतून आलेली बरीच होती. ऑगस्ट 2024 मध्ये तिथे चार तासांची मर्यादा आली. अनेक गाड्या निघाल्या आणि प्राणिसंग्रहालयाजवळच्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मग तिथून तक्रारी सुरू.

गाड्यांना हक्काची जागा द्यायचा प्रयत्नही झाला. कँडलस्टिक पॉइंट या सरकारी उद्यानातल्या पार्किंगमध्ये जानेवारी 2022 मध्ये शहराने आरव्हींसाठी तळ उघडला. मात्र ठरलेली वीजजोडणी तिथवर पोहोचलीच नाही, त्यामुळे ठरवल्यापेक्षा खूपच कमी गाड्या सामावल्या. 2025 मध्ये तो तळ गुंडाळला गेला. विजेच्या तारेपायी अडलेली ही योजना पाटीपेक्षा अधिक शहाणपणाची होती, असं म्हणायला हरकत नाही. सँटा बार्बरा या छोट्या शहरात 2004 पासून रात्रीपुरती सुरक्षित पार्किंगची व्यवस्था चालू आहे, म्हणजे हे अशक्य नाही.

कायद्याचा कल मात्र दुसरीकडे झुकला. ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या गावात बागांमध्ये झोपणाऱ्यांना दंड होत असे. त्यांना दुसरीकडे निवारा नसला तरी असा दंड घटनाबाह्य ठरत नाही, असा निकाल जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. मराठी वाचकाला इथे मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला आठवावा. 1985 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. फुटपाथवर वस्ती करायचा हक्क त्या निकालानेही दिला नाही. पण हलवण्याआधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, असं बजावलं, आणि पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, तिथल्या झोपड्यांना हात लावायला मनाई केली.

जुलै 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने गल्लीगल्लीतल्या पाट्यांचा खेळ आटोपता घेतला. महापौर डॅनियल लूरी यांच्या प्रस्तावानुसार मोठ्या वाहनांना शहरभर एकच मर्यादा आली, दिवस-रात्र दोन तास. त्याआधी मे महिन्यात केलेल्या मोजणीत 437 मोठी वाहनं आढळली होती. त्या मोजणीत असलेल्यांना सहा महिन्यांचा परवाना देण्याचं ठरलं. अट अशी की शहर देईल ती घराची मदत घ्यायची. गाडी शहराला विकली तर फुटामागे 175 डॉलर, म्हणजे 22 फुटी गाडीचे 3,850. एका बेडरूमचं महिन्याभराचं भाडं त्यात जेमतेम निघतं. भाड्याच्या मदतीची तरतूद झाली ती 65 कुटुंबांसाठी. मे 2025 नंतर गाडीत राहायला आलेल्यांना परवाना नाही. त्यांना दोन तासांचा नियम पहिल्या दिवसापासून लागू आहे.