शालेय छपरांतील ॲस्बेस्टॉस आणि नोंदीचे दायित्व

कोकणात कौलांच्या जोडीस सिमेंटचे पत्रे आले, त्यास आता बराच काळ लोटला. स्वस्त, न गंजणारे व वजनास हलके असल्यामुळे शाळांच्या छपरांसाठीही त्यांचा वापर रूढ झाला. या प्रकारच्या जुन्या पत्र्यांत सामान्यतः क्रायसोटाइलचे, म्हणजे श्वेत ॲस्बेस्टॉसचे, तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत हे तंतू सिमेंटमध्ये बद्ध राहतात. तो फुटला, कापला वा झिजला म्हणजे ते हवेत मिसळू शकतात. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात असंख्य छपरांची मोडतोड झाली. रोहे तालुक्यातील वरसे यासारख्या गावी शाळेचा पत्रा अशा वादळात फुटला, तर तो कोणत्या द्रव्याचा होता हे कोणत्या दप्तरात पाहावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक नव्हे.

कामगाराच्या बाबतीत कायद्याने याचे उत्तर दिले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ॲस्बेस्टोसिसचा समावेश शासनास कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत केला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही तो आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे अथवा सेवानिवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, जतन करण्याचा आदेश दिला. या दीर्घ मुदतीमागील कारण वैद्यकीय आहे. तंतूंचा संसर्ग आणि मेसोथेलिओमासारखा कर्करोग यांत बहुधा वीस ते चाळीस वर्षांचे अंतर पडते.

हेच कारण बालकास अधिक लागू पडते, कारण त्याचे पुढील आयुष्य दीर्घ असते. परंतु २००९ चा शिक्षणहक्क कायदा सर्व ऋतूंत उपयोगी पडेल अशी इमारत मागतो. छपराच्या द्रव्याची पृच्छा तो करीत नाही. ‘पक्की’, ‘अंशतः पक्की’ किंवा ‘कच्ची’ हे शालेय माहितीतील वर्गीकरणही त्यावर प्रकाश टाकीत नाही. शालेय इमारतींतील ॲस्बेस्टॉसची नोंद सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात आढळत नाही.

तुलनेसाठी अमेरिकेचा १९८६ चा कायदा पाहण्याजोगा आहे. त्याने शाळांवर प्रशिक्षित निरीक्षकाकडून तपासणी, दर तीन वर्षांनी फेरतपासणी व सहामाही पाहणी यांचे बंधन घातले. व्यवस्थापन-योजना राज्य शासनास सादर करून शाळेतही उपलब्ध ठेवावयाची आणि पालक व शिक्षक यांस दरवर्षी सूचना द्यावयाची, असे ठरविले. सरसकट उच्चाटनाचा आग्रह मात्र त्याने धरला नाही. सुस्थितीतील द्रव्य जागेवर राखून त्यावर लक्ष ठेवणे त्यास मान्य आहे.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, नोंद ही उच्चाटनाची पूर्वतयारी तर आहेच, पण तिला स्वतंत्र मूल्यही आहे. नोंद असेल तर दुरुस्ती करणारा गवंडी पत्रा कोरडा फोडणार नाही, आणि चाळीस वर्षांनी रुग्णाचा पूर्वेतिहास शोधणाऱ्या वैद्यास आधार मिळेल. ती नसेल तर छप्पर बदलताच पुरावाही नाहीसा होतो.